आम्ही की आपण

"आजी, आम्ही लायब्ररीत जाऊया?"

नातीचं हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात वीसेक वेळा दुरुस्त केलं असेल. 'आम्ही जाऊया' नाही गं, 'आपण जाऊया'. मी येणार आहे ना बरोबर? मग आपण. मला घरी ठेवून तू आणि बाबा गेलात, तर मला सांगताना आम्ही. ऐकणारा आत असला तर आपण, बाहेर असला तर आम्ही. तिला ही आजीची खोड वाटायची. तिच्या इंग्रजीत दोन्हीला मिळून एकच 'वी' आहे आणि शाळेपासून स्विमिंग क्लासपर्यंत तिचं सगळं त्यावर व्यवस्थित भागतं.

तीस वर्षं मी मराठी शिकवलं, पण हा नियम कधी शिकवावा लागला नाही. मुलं तो घरूनच घेऊन येत. कॅनडात मिसिसागाला लेकाकडे सहा महिने राहायला आले, तेव्हा कळलं की ही चैन आहे. हिंदीवाल्यांकडे ती नाही, त्यांच्या 'हम'मध्ये सगळे मावतात. गुजरातीत आहे, अमे आणि आपणे. तमिळ-तेलुगूत आहे. आपल्याकडे ती द्राविडी भाषांच्या शेजारातून आली असं भाषाशास्त्रवाले सांगतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला अडकित्ता एखाद्या पाहुण्याने उचलून 'हे काय?' विचारावं, तसं माझं झालं.

तर, लायब्ररी. बाहेर उणे अकरा, रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग आणि आत मुलांच्या विभागात गालिच्यावर फतकल मारून बसलेल्या आयाआज्या. तिथली चित्रपुस्तकं हा एक स्वतंत्र संसारच आहे. नात पुस्तकं रंगावरून निवडते. त्या दिवशी तिचा दिवस निळा होता. तिने ओढून काढलेल्या पुस्तकाचं नाव होतं 'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स'. लेखिका कॅरोल लिंडस्ट्रॉम, चित्रकार मिकेला गोड. जलरंगातली निळी, जांभळी, हिरवट पानं. मधे एक मुलगी. तिचे केस कुठे संपतात आणि नदी कुठे सुरू होते ते बोटाने शोधावं लागतं. नातीने ते शोधलंच. बोट केसांवरून निघालं आणि पानाच्या पार कडेला पाण्यात जाऊन थांबलं.

घरी आमचा शिरस्ता असा की वाचायचं इंग्रजीत लिहिलेलं, सांगायचं मराठीत. इतर पुस्तकांना त्यात काही अडचण येत नाही. ससा हरवतो, सापडतो. इथे मी मुखपृष्ठावरच अडकले. वी आर वॉटर प्रोटेक्टर्स. आम्ही पाण्याचे राखणदार? की आपण?

"आजी, वाच ना."

"थांब गं, विचार करतेय."

सध्या राखणदार हा शब्द धरला आणि सर्वनाम गिळून टाकलं. मराठीत ते चालतं, क्रियापद सांभाळून घेतं. पण शिक्षकाच्या डोक्यात लाल शाईची खूण राहायची ती राहिलीच.

पुस्तकातली मुलगी ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांपैकी आहे. तिला तिची नोकोमिस सांगते की पाणी हे पहिलं औषध. आईच्या पोटात असताना ते आपल्याला पोसतं, आता पृथ्वीवर पोसतं. "नोकोमिस म्हणजे आजी," मी म्हटलं. "तुझ्यासारखी?" "हो." "पण तू असं सांगत नाहीस." खरं होतं. मी नळ बंद कर एवढंच सांगत होते.

या पुस्तकामागे पाण्यासाठीचा एक खरा लढा आहे. त्यातली एक घोषणा जगभर गेली, लकोटा भाषेतली, 'म्नी विचोनी'. पाणी म्हणजे जीवन. आता हे मराठीत सांगायला सगळ्यांत सोपं असायला हवं. आपल्याकडे पाण्याला 'जीवन' हा शब्दच आहे. पण आपण ते टँकरच्या मागे रंगवलं, पालिकेच्या भिंतींवर रंगवलं, चौथीच्या निबंधाचा विषय करून टाकलं. 'पाणी हेच जीवन' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नदी येत नाही, गळका टँकर येतो आणि मागे 'हॉर्न ओके प्लीज'. नातीला मात्र ते पहिल्यांदाच ऐकू आलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं.

मग आला काळा साप. या लोकांमध्ये एक जुनी भविष्यवाणी सांगतात की एक काळा साप येईल आणि जमीन, पाणी नासवील. चित्रात तो येतो तेव्हा सगळा निळा रंग पळून जातो. मी 'काळसर्प' म्हणणार होते, तेवढ्यात जीभ चावली. आमच्याकडे काळसर्प म्हटला की माणसं त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करून येतात. 'काळी नागीण' म्हणावं तर सिनेमा. शिवाय आम्ही नागपंचमीला पाटावर गंधाचे नाग काढून लाह्या वाहणारे लोक, सापाला खलनायक करायला जड जातं. शेवटी नुसतं 'काळा साप' म्हटलं. नात म्हणाली, "हा साप नाही, पाइप आहे." मुलांना चित्र वाचायला आपण शिकवावं लागत नाही.

पाइपच तो. डकोटा ॲक्सेस नावाची तेलवाहिनी, नॉर्थ डकोटातल्या तेलक्षेत्रातून निघून इलिनॉयपर्यंत जाणारी, साधारण १,८८६ किलोमीटरची. ती मिसूरी नदीवरच्या लेक ओआहे या जलाशयाखालून न्यायचं ठरलं. तिथून जेमतेम खाली लकोटा आणि डकोटा लोकांची स्टँडिंग रॉक ही राखीव भूमी. त्यांच्या नळाला पाणी येतं ते मिसूरीचं. २०१६च्या एप्रिलमध्ये नदीकाठी लाडोना ब्रेव्ह बुल अलार्ड या बाईंच्या जमिनीवर पहिला तळ पडला. त्या उन्हाळ्यात स्टँडिंग रॉकची तरुण पोरं मागणी घेऊन पाळीपाळीने धावत वॉशिंग्टनपर्यंत गेली. हजारो माणसं जमली, शेकडो जमातींचे झेंडे ओळीने लागले. २० नोव्हेंबरच्या रात्री, कपड्यांवर पाणी गोठेल अशा थंडीत, पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले. पाणी वाचवायला आलेल्यांवर पाणीच. ४ डिसेंबरला सरकारने नदीखालून जायची परवानगी नाकारली. जानेवारीत सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०१७मध्ये परवानगी दिली गेली. जूनपासून तेल वाहू लागलं. मार्च २०२०मध्ये न्यायालयाने सांगितलं की पर्यावरणाचा पूर्ण अभ्यास करा. त्याच महिन्यात हे पुस्तक बाजारात आलं. तेल अजून वाहतंच आहे.

हे सगळं पुस्तकात नाही, असायचं कारणही नाही. पण गोष्टीत साप मरत नाही हे मला फार आवडलं. माणसं उभी राहतात, गातात, ढोल वाजवतात, आम्ही अजून इथेच आहोत म्हणतात आणि पुस्तक संपतं. आमच्या वेळच्या बालसाहित्यात राक्षस शेवटच्या पानावर मरायचाच. त्याशिवाय प्रकाशकाने पुस्तक छापलंच नसतं.

'अजून इथेच आहोत' हे म्हणावं का लागतं, तेही कळत होतं. आम्ही 'रेड इंडियन' म्हणत मोठे झालो. पिसं, घोडे, शंकूच्या आकाराचे तंबू. काउबॉयच्या कॉमिकमध्ये ते टेकडीवरून येत आणि चारच चौकटींत मरत. ते आज कुठेतरी राहत असतील, त्यांना नळपट्टी भरावी लागत असेल, हे डोक्यातही आलं नाही. अमेरिकेत उत्तम चित्रपुस्तकाला दिलं जाणारं कॅल्डिकॉट पदक १९३८पासून आहे. ते या पुस्तकाला २०२१मध्ये मिळालं आणि मिकेला गोड हे पदक मिळवणाऱ्या पहिल्या मूलनिवासी चित्रकार ठरल्या. त्र्याऐंशी वर्षं लागली.

रात्री नात झोपल्यावर मी लेकाच्या लॅपटॉपवर या लेक ओआहेचा नकाशा पाहत बसले आणि एका ओळीवर थबकले. हा जलाशय मुळात नैसर्गिक नाही. १९४८ ते १९६२ या काळात तिथे ओआहे धरण बांधलं गेलं आणि त्यात स्टँडिंग रॉक आणि शेजारची शायान रिव्हर या दोन राखीव भूमींची मिळून दीड लाखाहून जास्त एकर जमीन गेली. नदीकाठची, झाडीची, घरदार वसलेली जमीन. म्हणजे ज्या पाण्यासाठी हे लोक थंडीत उभे राहिले, त्याच पाण्याखाली त्यांच्या आजीआजोबांची घरं.

धरणग्रस्त! मी एकटीच मोठ्याने म्हणाले. हा शब्द मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. मुळशी, कोयना, नर्मदेकाठचं मणिबेली. आपल्याकडे हा शब्द सातबाऱ्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे पोचलेला. इंग्रजीत एवढ्यासाठी अख्खं वाक्य लिहावं लागतं. कधीकधी एखाद्या भाषेकडे एखादा शब्द असतो, याचा अभिमान वाटावा की लाज, कळत नाही.

आणखी एक गोष्ट तिथेच वाचली. तेलवाहिनीसाठी सुरुवातीला दुसरा एक मार्ग विचारात होता, बिस्मार्क शहराच्या उत्तरेकडून. तो सोडून देण्याच्या कारणांत एक कारण होतं शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी. बिस्मार्क बहुतांशी गोऱ्यांचं शहर. म्हणजे धोका कळत होता, मोजलेला होता. फक्त तो कुणाच्या माथी जावा हे ठरायचं होतं. मला त्या रात्री स्टँडिंग रॉकपेक्षा बिस्मार्कच जास्त आठवत राहिलं. का, ते पुढे सांगते.

सर्वनामाचा काटा निघाला तो अचानक. ओजिब्वे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणतात आणि त्यांच्या भाषेतही 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत! नीनविंद म्हणजे आम्ही, गीनविंद म्हणजे आपण. त्यात गंमत अशी की नीन म्हणजे मी आणि गीन म्हणजे तू. 'आपण' म्हणताना त्यांच्या शब्दाच्या तोंडाशीच 'तू' बसलेला असतो. मराठीला हे सुचलं नाही. मला खुर्चीतून उठून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण लेक-सून झोपलेले आणि त्यांना सकाळी सहाची गाडी.

म्हणजे ज्या भाषेतून हे पुस्तक मनात आलं असेल, तिथे हा प्रश्न आहे. इंग्रजीत शिरताना तो पुसला गेला आणि मराठीत येताना पुन्हा उभा राहिला. मुलगी कुणाशी बोलतेय? सापाशी बोलत असेल तर नीनविंद, आम्ही. नदीशी? आपल्या लोकांशी? पुस्तक मांडीवर घेतलेल्या, डोंबिवलीत जन्मलेल्या, मुलुंडात राहणाऱ्या बाईशी? तिला आत घेतलंय की नाही, हे इंग्रजी पुस्तक सांगत नाही.

हे 'वी' आधीच ताणलेलं आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. लढा लकोटा-डकोटांच्या नदीचा. लेखिका ओजिब्वेंच्या टर्टल माउंटन शाखेची. चित्रकार त्लिंगित, म्हणजे पार अलास्काच्या किनाऱ्यावरची. तिघांच्या भाषा वेगळ्या, नद्या वेगळ्या. तरी त्यांनी एकमेकींना 'आपण'मध्ये घेतलं, हे तर उघडच आहे. तेवढ्यावर मी कुठलाही मराठी शब्द छापायला तयार झाले असते. अडचण माझी होती.

पुढच्या फेरीला नातीने आणलं 'द वॉटर वॉकर'. जोअॅन रॉबर्टसन यांनीच लिहिलेलं आणि त्यांनीच चितारलेलं. हे आधीच्या पुस्तकासारखं देखणं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. जाड रेषा, भडक रंग, बूट घातलेली एक म्हातारी. ही गोष्ट खऱ्या बाईची. जोसेफीन मँडमिन. जन्म १९४२चा, ह्युरॉन सरोवरातल्या मॅनिटूलिन बेटावरचा. अनिशिनाबेंमध्ये पाण्याची जबाबदारी बायकांची. एका प्रमुखाने त्यांना म्हटलं की माणसं अशीच वागत राहिली तर एक दिवस घोटभर पाण्याला सोन्याचा भाव येईल. आणि मग विचारलं, तुम्ही त्याबद्दल काय करणार आहात? तर या बाईंनी २००३मध्ये तांब्याच्या बादलीत पाणी घेतलं आणि लेक सुपीरियरला प्रदक्षिणा घालायला निघाल्या. पुढच्या वर्षांत एकेक करून पाचही महासरोवरं झाली. सगळ्या चालींचं मिळून १७,००० किलोमीटरहून जास्त अंतर भरतं. चालीचा नियम असा की दिवसभर पाणी थांबू द्यायचं नाही. एक दमली की बादली दुसरीच्या हातात, पण चालतेपणीच. नदी कुठे थांबते?

"आजी, तुझा तांब्या!" नात ओरडली. मी येताना पिण्याचा तांब्याचा तांब्या आणला होता. सुनेने तो खिडकीत शोभेला ठेवला होता आणि मी रोज रात्री तो तिथून काढून उशाशी घेत होते. नातीने तो उचलला, अर्धा भरला आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, तिथून जिना, पुन्हा दिवाणखाना अशा फेऱ्या सुरू केल्या. थांबायचं नाही. चौथ्या फेरीला माझ्या हातात दिला. पाणी भरलेलं भांडं घेऊन न सांडता चालायचं असेल तर दुसरं काही करता येत नाही. फोन नाही, बोलणं नाही. सगळं लक्ष त्या गोल काठावर. मला एकनाथांची कावड आठवली. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ती. तीही गोष्ट मी फेऱ्या मारता मारता सांगितली. नातीला गाढव पसंत पडलं. पण नियमाबाबत ती कडक होती. "ते थांबले. नॉट अलाउड."

२००३ साली जोसेफीनबाई एकसष्टच्या होत्या. मी चौसष्टची आहे आणि मुलुंड स्टेशनचा जिना चढताना मधल्या टप्प्यावर उभी राहून जाहिरात वाचल्याचं नाटक करते. त्या २०१९मध्ये गेल्या. त्यानंतर त्यांचं नाव जोसेफीन-बा असं घेतात. गेलेल्या माणसाच्या नावाला त्या भाषेत हा 'बा' लागतो. आपल्या 'कैलासवासी'पेक्षा किती मऊ.

मिसिसागाच्या नळाला लेक ओंटारिओचं पाणी येतं. बर्फासारखं गार, सरळ नळाला तोंड लावून प्या. आणि याच ओंटारिओ प्रांतात, उत्तरेला, नेस्कंटागा नावाची मूलनिवासींची वस्ती आहे. तिथे पाणी उकळून प्या ही सूचना १९९५पासून लागू आहे. माझा लेक तेव्हा पाचवीत होता. अशा वस्त्यांवरच्या दीर्घकालीन सूचना मार्च २०२१पर्यंत संपवू, असं आश्वासन सरकारने दिलं होतं. तारीख उलटून गेली. जोसेफीनबाईंची नात लागणारी ऑटम पेल्टिए बारा वर्षांची असताना थेट पंतप्रधानांपुढे उभी राहून म्हणाली होती की तुमच्या निर्णयांनी मी नाराज आहे. आता तिच्यावरही चित्रपुस्तक आहे. आमच्या हाती लागलं नाही, कुणीतरी नेलं होतं. बरंच झालं म्हणायचं.

आता बिस्मार्कचं सांगते.

आमच्या मुलुंडातही एक काळा साप आहे. तानसाची पाइपलाइन. माणूसभर उंचीचे, डांबराच्या रंगाचे नळ, पश्चिमेकडून सरळ भांडुप-घाटकोपरकडे गेलेले. मी लग्न होऊन आले तेव्हा पोरं त्यावरून चालत शाळेत जायची, माझा लेकही गेलाय. उन्हाळ्यात नळाला कान लावला की आत घुमल्यासारखं ऐकू यायचं. तानसा धरण १८९२चं. पुढे मोडकसागर, वैतरणा, भातसा. आज मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून येतं. ही धरणं ठाणे-पालघरच्या डोंगरांत, शहापूर-मोखाड्याच्या अंगाला, आणि तिथले पाडे वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी लोकांचे. दर एप्रिल-मे महिन्यात पेपरात एक फोटो येतो. शहापूर तालुक्यातल्या बायका डोक्यावर तीन हंडे घेऊन उतारावरून येताहेत. मथळा ठरलेला, 'धरण उशाला, कोरड घशाला'. मी तो फोटो चहाबरोबर पाहते. चहा त्यांच्याच डोंगरातल्या पाण्याचा.

ते पाणी कुठून आणायचं आणि कुणाच्या दारावरून न्यायचं हे ठरलं, तेव्हा मी नव्हते. बिस्मार्कमधलीही एखादी शाळामास्तरीण हेच म्हणत असेल.

गेल्या पावसाळ्यात स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या एका बाईकडून मी टाकळा आणि शेवळं घेत होते. कसारा लोकलने पहाटे येतात त्या. खर्डीच्या पुढची, तानसाच्या वरच्या अंगाला पाडा. तिने शेवळांबरोबर काकडं घ्यायला लावली, नाहीतर घसा खाजेल म्हणाली. मग प्लास्टिकची रिकामी बाटली पुढे केली. बाई, पानी हाय का? माझ्या पिशवीत घरची बाटली होती, ती तिच्या बाटलीत ओतली. एका दमात अर्धी प्याली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "ग्वाड हाय. आमच्याकडलंच हाय ना." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. एखाद्याला आपल्या गावचा माणूस भेटावा तसा होता. मी हसले. सुटे पैसे दिले. घरी येऊन भाजी निवडली.

पण आमच्याकडलंच म्हणाली ती. 'आपल्याकडलं' नव्हे. मराठी बरोबर होतं तिचं.

शहाद्याचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता मी एका वर्षी दहावीच्या वर्गात अभ्यासक्रमाबाहेर म्हणून वाचून दाखवली होती. आम्ही स्टेजवर गेलोच नाही, कुणी बोलावलंही नाही, बोटाने जागा दाखवली आणि आम्ही बसलो, असं काहीसं तिचं सुरुवातीचं म्हणणं. ते मात्र स्टेजवर उभे राहून आम्हाला आमचंच दुःख सांगत राहिले. सगळी कविता 'आम्ही' आणि 'ते' यांवर उभी आहे. 'आपण' तिच्यात येत नाही. वर्गात ती वाचली तेव्हा मी स्टेजवरच होते, फळीच्या उंचवट्यावर, हातात खडू. तेव्हा ते लक्षात आलं नाही.

म्हणून मला या पुस्तकांचं मोल वाटतं. सांगणारी बाई स्वतः त्या 'आम्ही'मधली आहे. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांत आदिवासी येतो तो बहुतेक वेळा पानाच्या कडेला, नक्षी म्हणून. वारलीतले त्रिकोणी माणसांचे फेर. माझ्याच घरात वारलीचा ट्रे आहे, वारलीची उशी आहे, लेकाच्या लग्नाच्या पत्रिकेवर वारलीची वरात होती. अपवाद आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने वारली चित्रकारांना घेऊन 'डू!' नावाचं पुस्तक केलं, त्यात चित्रांना आणि चित्रकारांच्या नावांनाही जागा आहे. पण तानसाकाठच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीने आपल्या पाण्याची गोष्ट तिच्या बोलीत सांगितली आहे, आणि ती मुलुंडच्या वाचनालयात निळ्या मुखपृष्ठासह मिळते आहे, असं पुस्तक मी अजून पाहिलेलं नाही. ते निघालं तर त्यात आम्ही शहरवाले कुठल्या रंगात येऊ, याची मला कल्पना आहे.

'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स'च्या शेवटी एक शपथ छापली आहे, खाली सही आणि तारखेसाठी रेघ. लायब्ररीच्या प्रतीत त्या रेघेवर पेन्सिलीने केलेल्या चार-पाच सह्या आणि त्यांवर खोडरबर फिरवल्याच्या खुणा होत्या. उजेडात तिरकं धरलं की नावं वाचता येत. लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नाही हे नातीला ठाऊक होतं, म्हणून तिने पिवळ्या चिकटकागदावर नाव लिहून तो रेघेवर लावला आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. शपथेत 'मी' आहे, त्यामुळे सर्वनामाची सबब नव्हती. मी नाव लिहिलं. तिला देवनागरी येत नाही. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं म्हणाली. पुस्तक परत करताना कागद काढायचा आम्ही दोघी विसरलो.

भाजीवालीची गोष्ट मी तिला सांगितली होती, झोपताना, एकनाथांच्या गाढवानंतर. ती तिला गाढवाच्या गोष्टीचाच पुढचा भाग वाटली असावी.

मेमध्ये परत आले. नळाला पाणी सकाळी साडेपाचला, तासभर. एका सकाळी सगळं भरून झाल्यावर व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे नऊ, तिची झोपायची वेळ. तिने हट्ट धरला, साप दाखव. मी फोन घेऊन खाली उतरले. आता पाइपलाइनला दोन्ही बाजूंनी भिंत घातली आहे. फाटकाच्या गजांतून दिसते तेवढीच. एका सांध्याशी पाणी झिरपत होतं, खाली शेवाळ आणि त्यावर वाकून पिणारा एक कावळा. मी फोन गजांतून आत धरला.

"यात ऑइल आहे?"

"नाही गं, पाणी."

"कुणाचं?"

"आपलं," मी म्हटलं. तोंडात बसलेला शब्द.

"पण मी तिकडे नाही."

"बरं, मग आमचं."

तिने जरा वेळ कावळ्याकडे पाहिलं. तिच्या मागे खिडकीत माझा तांब्या होता, मी तो तिथेच ठेवून आले होते.

"आणि ती भाजीवाली आजी आत की बाहेर?"

वाक्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. दुरुस्त करण्यासारखंही काही नव्हतं.